लोड बासष्ट किलो

आमच्या ह्यांच्या कमरेला झालेल्या दुखापतीला मराठी साहित्य जबाबदार आहे. नेमकं सांगायचं तर मी.

मी लेखिका आहे. हे वाक्य लिहितानाही मी आधी दार लावून घेते, कारण मी जे लिहिते ते हळदीकुंकवात सांगण्यासारखं नाही. मोबाइलवर भागाभागाने वाचायच्या कथा असतात ना, तिथे 'मृगनयना' या नावाने माझी मालिका चालते. नाव 'तप्त मिठी'. नायक विक्रांत: कोट्यधीश, रुंद छातीचा, तपकिरी डोळ्यांचा. नायिका चांदणी: गरीब, स्वाभिमानी, कंबर एवढीशी. (ती कंबर माझ्यावरून घेतलेली नाही. माझी कंबर कुठे सुरू होते यावर आमच्या घरात मतभेद आहेत.) पन्नासेक भाग झाले, दोघांचं अजून लग्न झालेलं नाही, आणि लग्नानंतर करण्यासारखं मी काही शिल्लकही ठेवलेलं नाही!

माझी लिहिण्याची पद्धत साधी आहे. दुपारची जेवणं आटोपली, सासूबाई आडव्या झाल्या, की स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचं आणि रात्रीच्या हरभऱ्यांचा कुकर चढवायचा. पहिल्या शिट्टीला नजरानजर. दुसरीला हातात हात. तिसरीला विक्रांतचा श्वास चांदणीच्या मानेवर. चौथी वाजली की गॅस बंद आणि 'क्रमशः'. एकदा शिट्टीच बिघडली, चौथी काही केल्या वाजेना, आणि त्या भागात ते दोघं इतके पुढे गेले की माझा मलाच पदर सावरावा लागला. हरभऱ्यांचा लगदा झाला, पण वाचकांनी तो भाग डोक्यावर घेतला.

एका दुपारी सासूबाई अचानक उठून आल्या. "काय लिहून रायली वं शोभा एवढं?"

"रामनाम, आई!" माझ्या तोंडून निघून गेलं. (चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलेय मी. गाडी येताना दिसली की जिकडे जागा असेल तिकडे उडी मारायची, हे लहानपणापासूनचं वळण!)

सासूबाईंना भरून आलं. त्यांनी भजनी मंडळात सांगितलं, "माही सून रोज दोन घंटे रामनाम लिहते." झालं! आमच्या रिसाली वस्तीतल्या बायका माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागल्या. एकीने तर भाजीवाल्याच्या गाडीपाशी वाकून नमस्कार केला. माझ्या पिशवीत त्या वेळी अर्धा किलो वांगी होती आणि डोक्यात विक्रांतच्या शर्टाचं तिसरं बटण होतं. आता हे बिंग फुटलं तर सासूबाई मंडळात कोणतं तोंड दाखवणार, या विचाराने मला घाम फुटायचा.

राहिले आमचे हे. ह्यांनी बत्तीस वर्षं पोलादाच्या प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये काढली. लग्नानंतर एकांतात ह्यांनी मला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य होतं, "बाथरूमची फरशी ओली आहे, सांभाळून." ह्यांचं एकच तत्त्व: अपघाताचा रिपोर्ट खरा पाहिजे. "खोटा रिपोर्ट लिहला तं पुढच्या मानसाचा जीव जाते," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. ह्याच वर्षी हे रिटायर झाले आणि तपासणीला घराशिवाय काही उरलं नाही.

एकदा माझा मोबाइल अडकला म्हणून ह्यांच्या हातात दिला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. जाऊन बघते तर हे एकोणचाळिसावा भाग वाचत बसलेले! ह्यांनी सावकाश चष्मा काढला.

"शोभा, हे बरोबर नाई."

"सोडून देते मी लिहिनं," मी रडवेली झाले.

"लिहिनं कावून सोडतं? पलंगाच्या चारी बाजूनं मेनबत्त्या लावल्या, अन् वर मच्छरदानी! पेटली तं?"

त्या दिवसापासून हे माझे तांत्रिक सल्लागार झाले. प्रत्येक भाग आधी ह्यांच्याकडे जायचा. चुंबनाला ह्यांची कधीच हरकत नसे. फक्त ते गच्चीच्या काठावर नको, ओल्या फरशीवर नको आणि चालत्या मोटरसायकलवर तर नकोच नको. चांदणीला ह्यांनी हेल्मेट घालायला लावलं. (हेल्मेटमधून केस वाऱ्यावर कसे उडवायचे, हे लेखिकेने बघायचं!) वरवर मी चिडायचे, पण खरं सांगते, मनातून फार सुख वाटायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे मला विचारत होते, "आज काय लिहलं?"

मग आला सत्तेचाळिसावा भाग. विक्रांत चांदणीला दोन्ही हातांवर उचलतो आणि चुंबन न सोडता बंगल्याच्या अठरा पायऱ्या चढून जातो.

"होनार नाई," हे म्हणाले.

"हीरो आहे तो!"

"हीरो असन. पन तोंडासमोर चांदनी असल्यावर त्याले पायरी कशी दिसन? लोडच्या आडून पुढचं दिसत नसन तं लोड हलवत नाई."

"मंग वाचकायले काय सांगू? विक्रांत खालीच बसला म्हनून?"

ह्यांनी विचार केला. "ट्रायल घेऊ."

रविवारची दुपार. सासूबाई त्यांच्या खोलीत घोरत होत्या. हे जिन्यापाशी आले ते सेफ्टी शूज घालून, डोक्यावर प्लांटचं जुनं पिवळं हेल्मेट!

"अहो, विक्रांत हेल्मेट घालत नाई."

"विक्रांतले पेन्शन नाई. मले आहे. लोड किती?"

"अं?"

"वजन सांग तुहं. अंदाजे नोको, खरं."

आता बायकोला वजन विचारणाऱ्या नवऱ्याला कोणती बायको खरं सांगेल? "बासष्ट," मी म्हटलं. (होतं. मोठ्या मुलाच्या मुंजीत.)

ह्यांनी मनात काहीतरी गणित केलं, गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली आणि मला उचललं! खरंच उचललं! एक पायरी. दोन. ह्यांच्या कपाळाची शीर टरारली. तीन. मला इतकं छान वाटत होतं म्हणून सांगू! चार. पाचव्या पायरीवर मला वाटलं, संवादाची वेळही तपासून घ्यावी. मी ह्यांच्या कानाशी कुजबुजले, "विक्रांत, मला घट्ट धर."

कट्ट!

तो आवाज ह्यांच्या कमरेतून आला. पण सांगते, ह्यांनी मला टाकलं नाही! दात आवळून, इंच इंच करत मला सहाव्या पायरीवर टेकवलं आणि मगच "मेलो!" म्हणून ओरडले. त्यानंतर हे सरळ झालेच नाहीत. हात अजून पुढे पसरलेले, डोक्यावर हेल्मेट, गुडघे वाकलेले, जशी हवेत दुसरी बायको धरली आहे.

सासूबाई धावत बाहेर आल्या. शेजारच्या साहू भाभी फाटक ढकलून आत आल्या, "का होगे भइया ला?"

"सिलेंडर!" मी म्हटलं. "सिलेंडर उचलत होते!"

साहू भाभींनी जिन्याकडे पाहिलं, वरच्या खोलीकडे पाहिलं. "हेलमेट पहन के?"

ऑटोत घालून ह्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. सासूबाई आल्या, साहू भाभीही आल्या. (मी नको म्हटलं. फार आग्रहाने म्हटलं.) डॉक्टरांनी कागद पुढे ओढून विचारलं, "कैसे हुआ?"

"सिलेंडर," मी घाईने म्हटलं. डॉक्टर लिहू लागले.

"काट दीजिए," टेबलावर कुशीवर पडलेले हे म्हणाले. मी ह्यांच्या पायाचा अंगठा दाबला. "अहो, तुमाले माही शपथ आहे..." पण बत्तीस वर्षांची सवय! हे समोर बघत सांगत गेले, "जगह, घर का जीना. काम, पत्नी को गोद में उठाकर ऊपर ले जाना. वजह, उसके उपन्यास का सैंतालीसवां भाग. लोड, बासठ किलो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. साहू भाभींनी तोंडाला पदर लावला. कंपाउंडरने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे पाहिलं आणि मग सभ्यपणे भिंतीकडे.

"कोनतं उपन्यास?" सासूबाईंनी विचारलं.

ह्यांनी कसंबसं डोकं वळवलं.

"आई, शोभा रामनाम नाई लिहत. प्रेमाच्या गोष्टी लिहते. गरम असतात लय. पन मी बत्तीस वर्सं रिपोर्ट लिहले आई, कोन्या साहेबानं दुसरं पान उलटून पाह्यलं नाई. इचं लोकं वाट पाहून वाचतात. एक दिवस उशीर झाला तं भांडतात! माही बायको लेखिका आहे. लपवाचं कावून?"

मला एकदम रडू फुटलं. आयुष्यात माझ्यासाठी कोणी इतक्या लोकांसमोर असं बोललं नव्हतं. तेही आडवं पडून!

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "रामनाम एकदाई नाई लिहलं?"

"एकदा लिहलं होतं, आई. मोबाइल नवा होता, टायपिंग जमते का पाहाले."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता बोलतील ते डॉक्टरांनाही ऐकवणार नाही. त्या म्हणाल्या, "मंग ते दोघं पोचले का नाई वर?"

ह्यांना तीन आठवडे फळीवर झोपवलं. तिथूनही हे स्वस्थ बसेनात. अपघाताचा रिपोर्ट मला सांगून लिहवून घेतला. सगळे रकाने भरले, 'मूळ कारण' तेवढं रिकामं राहिलं.

"हिशोब जमत नाई," हे म्हणाले. "बासष्ट किलो म्हंजे काईच नाई. मीच म्हातारा झालो वाटते, शोभा." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

ते मला बघवेना. ज्या माणसाने माझ्यासाठी सगळ्यांदेखत खरं सांगितलं, त्याला मी सोळा किलोंसाठी म्हातारा ठरवू?

"अहो," मी म्हटलं. "अठ्ठ्याहत्तर."

हे हळूहळू वळले. मी डोळे मिटून घेतले. बोलणी खायची तयारी ठेवली.

"अठ्ठ्याहत्तर? अन् पाच पायऱ्या?" ह्यांचा चेहरा असा फुलला की प्रमोशनलाही फुलला नव्हता. "आई! अवं आई! ऐकलं का?"

सत्तेचाळिसाव्या भागात विक्रांत आणि चांदणी एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने एकमेकांचा हात धरून, एकेक पायरी बघत वर गेले. वाचक म्हणाले, असं जपणारं प्रेम कुठे वाचलं नव्हतं! आता सासूबाई दुपारी झोपत नाहीत, स्टुलाशेजारी पाट टाकून बसतात आणि तिसऱ्या शिट्टीला "पुढं?" म्हणतात. भजनी मंडळातही त्यांनीच सगळं सांगून टाकलं, मान ताठ ठेवून. पण लेकाचं कौतुक आधी, सुनेचं नंतर. त्यामुळे झालंय असं, की 'मृगनयना' हे नाव मंडळात अजून कोणाच्या जिभेवर बसलेलं नाही, पण माझं वजन मात्र अख्ख्या रिसालीला तोंडपाठ आहे.