क्वार्टर नंबर नसलेला शहीद

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, भिलाईच्या पोलाद वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये, माणसाला आधी कारखान्याने अलॉट केलेला क्वार्टर नंबर असतो, नाव नंतर. म्हणून एकाहत्तरच्या लढाईतल्या शहिदांच्या पाटीवर आमच्या स्मारक समितीने प्रत्येक नावाखाली क्वार्टर नंबर टाकायचं ठरवलं, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

मी फाउंड्रीत पॅटर्नमेकर. लाकडी फळीवर अक्षरं चिकटवायची, फळी वाळूत दाबायची, उमटलेल्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. एकदा ओतलं की पाटीवर कानामात्राही वाढत नाही. ओतकाम शनिवारी होतं.

बुधवारी समारीनबाई घरी आली. आमच्या बाजारात भाजी विकणारी, नंदिनी खाणीकडच्या खेड्यातली गोंड बाई. तिने पदरातून फौजेची तार काढली. मुलगा मंगलू ध्रुव, सीमेवर मारला गेलेला.

"मोर बेटा के नाव घलो लिख दे, बाबू." माझ्याही मुलाचं नाव लिही.

मी तिला समितीचे सेक्रेटरी वानखडे साहेब यांच्या क्वार्टरवर नेलं. साहेब अकोल्याचे. मनाने लोणी, कागदावर पोलाद.

"तार खरी आहे गा. पण नावाखाली नंबर काय टाकशीन?"

"नंबर नाही, साहेब. तो सेक्टरमध्ये राहत नव्हता."

"मंग त्याचं नाव कावून टाकून राहिला? उद्या साऱ्या जिल्ह्याची यादी येईन."

समारीनबाई कंपाउंडमधल्या मोहाच्या झाडापाशी गेली. खोडावर हात ठेवला.

"ये मोर अंगना के मऊहा आय. मंगलू इहें जनमिस." हा माझ्या अंगणातला मोह, मंगलू इथेच जन्मला.

टाउनशिप आखली तेव्हा तिचं गाव उठलं होतं. झाड तेवढं मागे राहिलं.

साहेबांनी झाडाकडे पाहिलं. मग आपली वेताची खुर्ची उचलून त्यांनी झाडाखाली ठेवली. बाई बसेना. साहेब हटेनात. शेवटी ती बसली आणि वानखडेवहिनींनी चहा आणला.

शुक्रवारी मी फळीवर मंगलूचं नाव बसवलं. खाली नंबराच्या जागी मोहाचं पान कोरलं. समितीला विचारलं नाही. विचारलं असतं तर पोटसमिती नेमली गेली असती. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढंच शिकलो: काही प्रश्न लोखंड ओतून झाल्यावरच मांडावेत.

अनावरणाला समारीनबाईने उठावदार अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. बोट पानावर थांबलं ते तिथेच राहिलं.

साहेब पाटीवरून एकेक नाव आणि नंबर माइकवर वाचत होते. मंगलूपाशी आले, खाली नंबराच्या जागी मोहाचं पान पाहिलं, चष्मा काढून पुसला. माइक चालू आहे हे विसरले आणि बोलून गेले,

"हा इथलाच आहे बाप्पा. अलॉटमेंटवर आलेले त आपन आहो."