पाडवा, फेटे आणि हरवलेला बेस

"बेस कुठे गेला?"

नाडकर्णी सरांनी हेडफोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो पर्समध्ये घालून घरी न्यायला निघाले होते.

"काल होता, सर," मी म्हणाले.

"आज नाहीये. आणि हे मी एकटा म्हणत नाही. ऐकून मत देणाऱ्या पॅनलवर सात जण आहेत. सातही जण तेच म्हणतायत."

आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. आम्ही वायरलेस, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बनवतो. नॉइज कॅन्सलिंग म्हणजे हेडफोनमधला माइक बाहेरचा गोंगाट ऐकतो आणि त्याला बरोब्बर उलटा आवाज आत सोडतो. दोन्ही एकमेकांना खातात, तुम्हाला शांतता मिळते. माझं काम मात्र त्या शांततेत जे गाणं वाजतं त्याचं. त्याला ट्यूनिंग म्हणतात. गाण्यातला घुमणारा खालचा आवाज, म्हणजे बेस, किती ठेवायचा, गाणाऱ्याचा गळा किती पुढे आणायचा, झांजा किती टोचू द्यायच्या, हे इक्वलायझरवर ठरवायचं. इक्वलायझर म्हणजे आवाजाच्या प्रत्येक थराला, म्हणजे बँडला, वेगळी चावी. लोकांना वाटतं हे सगळं मशीन करतं. मशीन बरंचसं करतं. शेवटचा हात कानाने फिरवावा लागतो, आणि तो कान माझा.

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ट्यूनिंगची फाईल फॅक्टरीला जायची होती. एकदा गेली की फ्रीझ. मग त्याच आवाजाचे हजारो हेडफोन बनणार.

"खालचे दोन बँड सहा डेसिबलने वर घे," सर म्हणाले.

सहा डेसिबल म्हणजे काय सांगू? तबलजीने डग्गा गायकाच्या मांडीवर ठेवून वाजवावा, तसं. मागच्या मॉडेलला आम्ही हेच केलं होतं. लोकांनी चार दिवस कौतुक केलं आणि पाचव्या दिवशी डबे परत पाठवायला सुरुवात केली. गाणारी बाई पिंपात बसून गातेय असं वाटतं, अशा तक्रारी आल्या. तेव्हा आमच्या पाच जणांच्या टीममधून दोघांना नारळ मिळाला. या वेळी ट्यूनिंग शीटवर सही माझी होती. हेही मॉडेल पडलं असतं तर पुढचा नारळ कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"सर, लंचनंतर फायनल करू?"

"पाचला फाईल जाणार. आणि पाचलाच ग्रुप फोटो आहे, विसरू नकोस."

ग्रुप फोटो होता, कारण दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. एचआरने ऑफिसात ट्रॅडिशनल डे ठेवला होता. सकाळीच लालबागहून एक फेटेवाला बोलावला होता. त्याने तासाभरात अख्खा फ्लोअर भगवा आणि गुलाबी करून टाकला. नाडकर्णी सर गिरगावातले, त्यामुळे त्यांच्या फेट्याचा तुरा सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. फेटेवाला बांधून निघून गेला आणि जाताना बजावून गेला, "काढू नका हां, परत बांधता नाय येणार तुम्हाला." फोटोपर्यंत फेटा उतरवायची कुणाची छाती नव्हती.

मी लॅबमध्ये जाऊन बसले आणि फाईल पुन्हा तपासली. सगळं जागच्या जागी होतं. समोर सचिन बसला होता. सचिन आमचा लॅब टेक्निशियन. लालबागचा, घरी मालवणी, ऑफिसात मिक्स. त्याने फेट्यावरूनच हेडफोन चढवला होता आणि पेन्सिलने कानामागे खाजवत होता.

मी बघतच राहिले. पेन्सिल हेडफोनच्या गादीखालून आत जात होती, बाहेर येत होती. कुठेही अडकत नव्हती.

"सचिन, हलू नकोस."

"काय झाला गो ताई? पाल हा काय?"

"पाल नाही. बेस सापडला."

गंमत अशी की बेसला बंद खोली लागते. हेडफोनची गादी कानाभोवती घट्ट बसली तरच तो आत टिकतो. बारीकशी फट मिळाली की पहिला पळतो तो बेस. बाकीचे आवाज बिचारे थांबतात. पॅनलवरच्या पाच जणांच्या गाद्या अर्ध्या कानावर, अर्ध्या फेट्यावर बसल्या होत्या. उरलेल्या दोघींनी फेटे बांधले नव्हते, पण कानांच्या वरच्या पाळीला ठसठशीत बुगड्या होत्या. सात डोकी, सातही ठिकाणी फट.

आता हे सरांना सरळ जाऊन सांगता आलं असतं. पण बॉसला सरळ सांगितलेलं पटतं, असा माझा अनुभव नाही. शिवाय सहा डेसिबलचा राग होताच.

तीन वाजता मी सरांना लॅबमध्ये बोलावलं.

"सर, दोन सेटिंग केलीत. ए आणि बी. तुम्ही निवडा."

सरांनी फेट्यावरून हेडफोन चढवला. मी ए सेटिंगवर टेस्टची लावणी लावली.

"पोकळ आहे. सकाळसारखंच."

"बी ऐकण्याआधी फेटा जरा काढाल का? तुरा कलंडलाय, फोटोत बरा दिसणार नाही. सचिन नीट करून देईल."

तुऱ्याची गोष्ट म्हटल्यावर सरांनी तत्काळ डोकं पुढे केलं. सचिनने फेटा टोपीसारखा अलगद उचलला. मी हेडफोन सरांच्या उघड्या कानांवर बसवला आणि बी लावलं.

सरांची मान डोलू लागली. "हां! याला म्हणतात बेस! बघ, मनावर घेतलंस की येतं तुला."

"सर, ए आणि बी एकच फाईल आहे. कालचीच."

सचिन एकदम भिंतीकडे तोंड करून वायरी मोजायला लागला.

सरांचा विश्वास बसेना, म्हणून मी बंड्याला पुढे ओढलं. बंड्या म्हणजे आमचा टेस्टिंगचा पुतळा. नुसतं डोकं आणि खांदे, रबराचे कान, कानांत माइक. तो ऐकतो आणि कॉम्प्युटरवर आलेख उमटतो. आधी बंड्याला नुसता हेडफोन घातला. रेघ कुठेही खाली आली नाही, डावीकडे तर जरा वरच होती. मग सरांचाच फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला आणि वरून हेडफोन. डावीकडे, जिथे बेस असतो, तिथे रेघ जिन्यावरून घसरल्यासारखी खाली आली. बंड्या तुऱ्यात फारच रुबाबदार दिसत होता, सरांपेक्षाही. हे मी बोलले नाही, पण सचिनने फोटो काढून ठेवला.

सरांनी आलेखावरच्या दोन्ही रेघा बोटाने पडताळून पाहिल्या. मला वाटलं, जिंकलो. मी फाईल पाठवायला माऊस हातात घेतला.

"थांब," सर म्हणाले. "बंड्याला आणखी काय काय घालता येतं?"

"काहीही, सर. नथसुद्धा."

"तुझा चष्मा दे."

मी चष्मा काढून दिला. सरांनी तो स्वतःच्या हाताने बंड्याच्या नाकावर बसवला, दांड्या रबरी कानांमागे नीट खोचल्या आणि हेडफोन चढवला. मला चष्म्याशिवाय स्क्रीन धड दिसत नव्हता. सचिनचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला.

"ताई, रेघ घसरली गो."

फेट्याएवढी नाही, पण घसरली.

"ही फाईल कानाने पास कुणी केली?" सरांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"मी."

"चष्मा लावून?"

सहा महिने मी चष्म्याच्या दांडीने पडलेल्या फटीतून ऐकत होते आणि जेवढा बेस बाहेर सांडला तेवढा वरून ओतत होते. लाज वाटली, अगदी कानापर्यंत. चष्मा न लावता तीच लावणी पुन्हा ऐकली. सर ज्याच्यावर मान डोलवत होते, तो बेस जाडच होता. गाणाऱ्या बाईचा गळा त्याच्याखाली दबला होता. मागच्या मॉडेलइतका नाही, पण त्याच वाटेवरचा.

पावणेपाचला मी खालचे दोन बँड दोन डेसिबलने उतरवले. सर शेजारी बसून होते. सकाळी सहा डेसिबल वर घे म्हणणाऱ्या माणसाने संध्याकाळी दोन खाली जाताना हूं की चूं केलं नाही. पाचला फाईल गेली. त्यानंतर फोटो झाला. सरांचा तुरा तिरकाच होता.

ते मॉडेल अजून बाजारात आहे आणि मी अजून नोकरीत आहे. गाणारी बाई पिंपात बसलीये अशी तक्रार अद्याप आलेली नाही. आमच्या ट्यूनिंग शीटवर मात्र एक नवा रकाना आला: ऐकणाऱ्याच्या डोक्यावर, कानांवर आणि नाकावर काय होतं? सरांनी तो माझ्याकडूनच बनवून घेतला आणि पहिली नोंदही मलाच करायला लावली. मी लिहिलं, 'चष्मा', आणि खाली सही केली.

तेव्हापासून कुणाच्या कानात खोट काढायची वेळ आली, की मी आधी चष्मा काढते. समोरचं धूसर दिसतं, पण ऐकू नीट येतं.