वाऱ्याने फुगलेले गाल

अवधपुरीतल्या नीळकंठ खांबेट्यांना ओळखत नाही असं मराठी घर भोपाळात शोधावं लागेल. नोकरी कारखान्यात, पण लोकांच्या लक्षात राहिले ते खांद्यावरच्या व्हिडिओ कॅमेऱ्यामुळे. मुंज असो, लग्न असो की डोहाळजेवण, हॅलोजनचा झगझगीत दिवा आणि त्याची लांबलचक वायर सांभाळत खांबेटे हजर. अंतरपाट दूर व्हायच्या आधी त्यांची जागा पक्की झाली नसेल, तर ते भटजींकडे नुसतं बघत, आणि भटजी निमूटपणे आणखी एक मंगलाष्टक म्हणत.

त्यांचं एक तत्त्व होतं. पंगतीत कुणाचा घास तोंडात जाताना दाखवायचा नाही. जांभई, नाक पुसणं, तोंड वेडंवाकडं करून रडणं, सगळं गाळायचं. घरी दोन व्हीसीआर शेजारी ठेवून ते एका कॅसेटवरून दुसरीवर हवं तेवढंच उतरवून घेत. "खांबेट्यांच्या कॅसेटमध्ये माणूस कसा सोज्वळ दिसतो," असं बायका कौतुकाने म्हणत. मूळ कॅसेट मात्र ठेवायची चैन नव्हती. तिच्यावर पुढचं लग्न चढायचं.

मग घराघरात मोबाइल आले, कॅमेरा कपाटात गेला, खांबेटे निवृत्त झाले. आणि त्यांची मुलगी शमिका विमानातून उड्या मारायला लागली.

शशिकलाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, सुरुवातीला पुष्कळ आकांडतांडव केलं. पण पोरीच्या उड्या वाढत गेल्या, परवानगीची कागदपत्रं आली, आणि एक दिवस ती म्हणाली, "बाबा, उज्जैनच्या कॅम्पमध्ये शूटिंगचं काम मिळू शकतं. नवखी माणसं ट्रेनरच्या छातीशी बांधून उडी मारतात ना, त्यांच्या शेजारी उडत त्यांची फिल्म काढायची. तिथले प्रमुख गिरीशदादा ट्रायल घेणार आहेत. पाहुणा मैदानातून जायच्या आत फिल्म त्याच्या हातात पडली, आणि आवडली, तरच पूर्ण सीझन माझा."

"मग अडचण काय?"

"एक तर कॅमेरा. आणि दुसरं, वर उडणार मी, पण खाली बसून कापणार कोण?"

खांबेट्यांनी वर्तमानपत्राची घडी केली ती त्या दिवशी पुन्हा उघडली नाही.

न्यू मार्केटमधल्या ओळखीच्या दुकानदाराकडून दोन कॅमेरे बघायला आणले.

"झूम कितीचा आहे?" खांबेट्यांचा पहिला प्रश्न.

"झूम काय करायचाय? जवळून पाहिजे तर मी उडत जवळ जाते ना!"

हे उत्तर त्यांना पचायला वेळ लागला. मग त्यांनी परीक्षा घेतली. कॅमेरा हेल्मेटवर बसवून शमिकाला स्कूटरवरून गल्लीतल्या खड्ड्यांतून पिटाळलं. एका कॅमेऱ्यात गल्ली सतारीच्या तारेसारखी थरथरत होती. दुसऱ्यात चित्र कसं देखणं, स्थिर. पण तो हेल्मेटवर शिंगासारखा उभा राहायचा.

"हा नको," शमिका म्हणाली. "पॅराशूटची दोरी ह्यात अडकली तर कॅमेरा राहू द्या, मीच..."

"पुढचं बोलू नकोस," स्वयंपाकघरातून आवाज आला.

शेवटी तिसराच आणला. चपटा, गोल कडांचा, कशात अडकलाच तर झटक्यासरशी सुटून येणारा. चित्र दुसऱ्याइतकं देखणं नव्हतं. खांबेट्यांनी ते दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "चित्र जरा कमी चालेल. पोरगी पूर्ण खाली आली पाहिजे."

कामाची रीत शमिकाने ठरवली. कार्ड आलं की आधी लॅपटॉपवर उतरवायचं, मग वेगळ्या डिस्कवर, आणि त्यानंतरच कापाकापी.

"दोनदा कशाला? उगाच वेळ जातो."

"बाबा, रूल म्हणजे रूल."

ट्रायलला वाट्याला आल्या निर्मला दाणी, उज्जैनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून उडी दिली होती. चष्म्याला दोरी बांधून घेताना त्या शमिकाला म्हणाल्या, "घाबरू नकोस गं, मी आहे ना."

उडी झाली. कार्ड खांबेट्यांच्या हातात देऊन शमिका पुढच्या फेरीला पळाली. तंबूत बसून त्यांनी कार्ड दोन्हीकडे उतरवलं, मग चित्र लावलं. विमानातलं हसू छान होतं. पण दारातून बाहेर पडल्यावर बाईंचे गाल वाऱ्याने फुगून कानांपर्यंत गेले होते, ओठ उलटे झाले होते, कवळी दिसत होती, आणि उघड्या तोंडाने त्या काहीतरी ओरडत होत्या. खांबेट्यांचा हात सवयीने चालला. तेवढं सगळं गेलं. उरलं निळं आभाळ, खालची शेतं, उमललेलं पॅराशूट आणि अलगद टेकलेले पाय. मागे त्यांनी मंद संतूर लावलं.

निर्मलाबाईंनी शेवटपर्यंत पाहिलं. "सुंदर आहे हो. पण ह्यात मी कुठेय?"

"ह्या काय, विमानात."

"ती बसलेली. पडताना कुठेय?"

"पडताना तुमचं ध्यान... म्हणजे, बरं दिसत नव्हतं."

"अहो, बरं दिसायचं असतं तर मी पार्लरमध्ये नसते का गेले? माझ्या जुन्या वर्गातल्या पोरींना दाखवायचंय मला, की मॅडम पडल्या! ह्यात तर कुणीही पडलं असेल."

गिरीश घड्याळ बघत उभे होते. "काका, बस निकल रही है."

तेवढ्यात शमिका पॅराशूटचा गठ्ठा कवेत घेऊन आत आली. बाईंचा चेहरा आणि बाबांचा चेहरा बघून तिला सगळं कळलं. "डिस्क, बाबा! सगळं आहे त्यात. घ्या पटकन."

खांबेट्यांनी डिस्क उघडली. ते फुगलेले गाल पुन्हा पडद्यावर आले आणि त्यांची बोटं थांबली. धाकट्या भावाच्या लग्नात पंगतीत आई अशीच हसली होती, तोंडात जिलबी असताना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी ते गाळलं होतं. मूळ कॅसेटवर कुणा तिसऱ्याच्याच पोरीचं लग्न चढलं. राहिलेल्या कॅसेटमध्ये आई डोक्यावर पदर घेऊन, ओठ मिटून, ताठ बसलेली आहे. ती कशाला हसली होती, तेही आता आठवत नाही.

"बाबा?"

"हो, हो. करतोय."

विमानाच्या दारापासून पॅराशूट उघडेपर्यंत त्यांनी एकही कात्री लावली नाही. संतूर काढून टाकलं. वाऱ्याचा घोंघाट आणि बाईंची आरोळी तशीच ठेवली. बसचं इंजिन सुरू झालं तेव्हा फिल्म मोबाइलवर पोचली. निर्मलाबाई बसच्या पायरीवरच थांबल्या. आधी डोळे विस्फारले, मग त्या अशा खदखदल्या की ड्रायव्हर वळून बघायला लागला. "अरे देखो भैया, ये मैं हूँ! अगं बाई, कवळी राहिली हेच नशीब!"

गिरीशनी शमिकाच्या पाठीवर थाप मारली. "सीझन तुझा. और काका, आप भी आइए. बस, सफाई थोडी कम."

रात्रीच्या जेवणानंतर खांबेट्यांनी बाईंच्या परवानगीने ठेवलेली ती फिल्म शशिकलाबाईंना दाखवली.

"अगंबाई! काय हे ध्यान! एवढ्या मोठ्या बाई, आणि हे असं दाखवायचं? काढा हो तेवढं."

"राहू दे."

"पूर्वी तर तुम्ही साधी जांभई ठेवत नव्हता."

"नव्हतो," ते म्हणाले.

शशिकलाबाईंनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "परत लावा बघू. ओरडतायत काय त्या नेमकं?"