तुझीच बोटं ठेव

"पोटावर तुझीच बोटं ठेव. मी इथून बघतो."

गिरणी कामगारांच्या विम्याचा डॉक्टर बोलला. टेबलामागे उभा राहून. बाकड्यावर माझी बायको तारा. सातवा महिना. आधीच्या बाईला त्यानं हातानं तपासलं होतं, तारानं बाहेर विचारून घेतलं होतं.

आमच्या कार्डावर चाळीचं नाव. तेवढ्यावरून त्याला जात कळायची. आम्ही बौद्ध झालो होतो. त्याच्या लेखी काही बदललं नव्हतं.

तारानं बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवली. पिशवी जिथं कडक लागते तिथवर.

"तीन."

"तीन ना? मग वाढ बरोबर आहे."

"डॉक्टर, पोट हलकं लागतंय हो."

"तुम्हा लोकांची रडगाणी संपत नाहीत. पुढचा!"

पोरगा झाला तो ओंजळीत मावेल एवढा. दिवस मावळायच्या आत गेला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुणी मापलं होतं? तारानं सांगितलं. बाईंनी तिचा हात हातात घेतला. तिची बोटं म्हणजे शेवग्याच्या बारीक शेंगा.

"तुझी तीन म्हणजे डॉक्टरांच्या हाताची दोनच भरली असती, बाई. पोर वाढतच नव्हतं."

त्यानंतर तारा जेवताना मधेच थांबायची. आपल्या बोटांकडे बघत राहायची. गुन्हा बोटांचा नव्हता. पण ते तिला पटवणार कोण?

दुसऱ्या खेपेला परत तोच डॉक्टर. ताराही गिरणीत, बाळंतपणाच्या रजेला चिठ्ठी विम्याच्या डॉक्टरचीच लागे. तेव्हा गिरणगावात संयुक्त महाराष्ट्र पेटलेला. डॉक्टर मोर्चात पुढं. लालबागला लाठी चालली तेव्हा माझ्या दंडाला धरून गल्लीत पळाला होता. घामानं निथळणारा माझा दंड.

"ठेव बोटं."

तारानं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मी दारात जाऊन उभा राहिलो.

"हात लावा. त्याशिवाय दुसरा पेशंट आत येणार नाही."

"पोलीस बोलावू?"

"बोलवा. त्यांच्या लाठीपुढं माझा दंड धरलात, तेव्हा विटाळ नाही झाला?"

बाहेर एक मालवणी म्हातारी खोळंबली होती. ती ओरडली, "लाव मरे हात, डाक्टरा! झिजतलो काय तो?" बाकावरची माणसं हसली. डॉक्टर लालबुंद.

त्यानं टॉवेल घेतला. ताराच्या पोटावर पसरला. तारानं तो ओढून खाली फेकला.

"पोर टॉवेलला नाही व्हायचंय. मला व्हायचंय."

मग त्यानं हात ठेवला. दाबून बघितलं. चेहरा उतरला.

"वाढ कमी आहे. मोठ्या इस्पितळात जा. आजच."

आणि बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुतले. आधी धुतले नव्हते. नंतर धुतले.

मुलगी जगली. म्हणून मी त्याला माफ केलं असं कुणी समजू नये.

तारा गेल्या वर्षी गेली. परवा नातीची सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरबाईंनी पोटावर गार जेल चोपडलं, यंत्र फिरवलं. पडद्यावर बाळाचं डोकं मापलं, पोट मापलं, मांडीचं हाड मापलं. वजनाचा अंदाज सांगितला. जात कुणी काढली नाही. तरी मी खुर्चीत घामाघूम. तारा शेजारी हवी होती. नव्हती.

घरी आलो तर मंडळाची पोरं बसलेली.

"आजोबा, डॉक्टरसाहेबांचं नाव चौकाला देतोय. तुम्ही मोर्चात त्यांच्याबरोबर होता. दोन शब्द बोला."

"पण चांगलं बोला हां, तुमचं तोंड फाटकं," दुसरा हसला.

येतो म्हणालो.

जाणार. त्यानं माझा दंड धरला ते सांगणार. माझ्या बायकोला हात लावला नाही आणि माझं पोर गेलं, तेही सांगणार. त्याच पाटीखाली उभा राहून. माइक काढून घेतील. घेऊ देत. जन्मभर गिरणीच्या खडखडाटावर ओरडून बोललोय मी.