तिच्या पोटाचं उत्तर मी दिलं

"फायब्रॉइड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली मांसाची गाठ. हौसा, माझी धाकटी जाऊ, तेव्हा बत्तीस वर्षांची होती. चार महिने अंगावरून रक्त जात होतं. चेहरा पांढराफटक पडला होता. दवाखान्याला येताना महाराजांची स्वारी जायची म्हणून बावड्याच्या रस्त्यावर आमची बैलगाडी तासभर थांबली, तेवढ्यात तिला दोनदा घेरी आली.

मी लग्नाआधी चार इयत्ता शिकलेली. म्हणून दवाखान्यातलं बोलणं घरच्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. गर्भाशय काढावंच लागेल. त्याच्या दोन बाजूंना ओव्हरी असतात, म्हणजे अंडाशयं. "चांगली दिसली तर ठेवता येतील. ठेवली तर पुढे एखाद्या वेळी त्यांत गाठ होऊ शकते. काढली तर तरुणपणीच म्हातारपणाचे त्रास सुरू होतात." मग त्यांनी हौसालाच विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

हौसानं पदर पुढं ओढला. आमच्यात थोरल्या जावेसमोर धाकटी परक्या माणसाशी बोलत नाही.

मीच बोलले. "कशाला ठेवायची? तण मुळासकट काढावं. पुन्हा सुरी नको."

बाईंनी तिला पुन्हा विचारलं. "आक्का म्हणतील तसं," पदराआडून आवाज आला.

क्लोरोफॉर्म देऊन ऑपरेशन झालं. क्लोरोफॉर्म म्हणजे हुंगायचं गुंगीचं औषध. तीन आठवडे ती खाटेवर होती. रक्त थांबलं. घरी सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते करून घेतलं.

दोन महिन्यांनी तिच्या अंगाची आग होऊ लागली. थंडीच्या दिवसांत भाकरी थापता थापता उठायची आणि तोंडावर पाणी मारत अंगणात उभी राहायची. झोप गेली. सांधे धरले. मी तिला म्हणाले, "सोंगं करू नकोस." हे मी म्हणाले, हेही लिहायला हवं.

तिसऱ्या वर्षी गोठ्यात नुसता पाय घसरला आणि मनगट मोडलं. पुन्हा दवाखाना. हाड अंडाशयं काढल्यामुळंच मोडलं का, हे डॉक्टरीणबाईंना सांगता येईना. बाकीचा त्रास मात्र त्यामुळंच होता. "दोन्ही अंडाशयं चांगली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं म्हणून काढली. आता परत बसवता येत नाहीत."

परतीच्या वाटेवर गाडीत मी हौसाला विचारलं, "तवा तुझ्या मनात काय हुतं?"

"ऱ्हाऊ द्या म्हणायचं हुतं," ती म्हणाली. "पर तुमच्यापुढं त्वांड कसं उघडू?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मागून काय हुणार, आक्का?" खरंच काही होणार नव्हतं.

ज्यांच्या घरी ही वेळ येईल त्यांना मी एवढंच सांगेन. ठेवण्यातही धोका आहे, काढण्यातही आहे. तो कुठला पत्करायचा हे जिचं शरीर तिनं ठरवावं. जाऊ, सासू, नवरा यांनी आधी बाहेर जावं.

गेल्या महिन्यात शेजारच्या सुनेला तीच गाठ निघाली. तिच्या सासूनं मला बोलावलं, "तुम्ही शिकलेल्या, चला बोलायला." हौसा मध्येच म्हणाली, "त्या शिकल्याल्या, म्या भोगल्यालं. मीबी येतो की."

दवाखान्यात सुनेला आत बोलावलं, तशी सासू उठली. हौसानं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. "बसा हितंच. प्वाट तिचं हाय, तीच बोलंल."

मीही उठत होते, ती परत खाली बसले.