मामांचा चौथा सिनेमा

भालकीत राहून मेक्सिकोसाठी झुरणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच निपजला आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. ते माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. मामा हायस्कुलात भूगोल शिकवायचे. उत्तर अमेरिका सुरू झाली की ते मेक्सिकोत शिरत आणि परीक्षा तोंडावर येईपर्यंत बाहेर पडत नसत. कॅनडा नावाचा देश असतो हे त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांना नोकरीला लागल्यावर कळलं. मका, निवडुंग, ज्वालामुखी सगळं शिकवून झालं की मामा खडू खाली ठेवत, हात झटकत आणि हळूच म्हणत, "आन तिथं एक बाई व्हती."

बाई म्हणजे तिथल्या जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमातली नटी. मामा बी.एड.ला हैदराबादेत असताना कुठल्याशा फिल्म क्लबानं चार दिवस तिचे चार सिनेमे लावले होते. मामांनी तीन पाहिले. चौथ्या दिवशी आत्याला बघायला यायचं ठरलं होतं, आणि माझे आजोबा ठरला दिवस चुकवणाऱ्याला पुन्हा उंबरा ओलांडू देणारे नव्हते. मामा मुकाट्यानं बस धरून आमच्या खटकचिंचोळीला आले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली आणि पुढं जन्मभर सांगत राहिले, "हिच्यापायी चौथा बुडाला." आत्याही काही कमी नव्हती. "मग कामून आलाव? बसायचं व्हतं तिथंच, तिच्या म्होरं!"

बाईंची कारकीर्द मामांना स्वतःच्या सर्व्हिस बुकापेक्षा जास्त पाठ होती. जुन्या मासिकांतून कात्रणं जमवून त्यांनी ती एका दोनशे पानी वहीत उतरवली होती. पहिल्या सिनेमात बाई डोक्यावर फळांची टोपली घेऊन नुसती मागून जाते. मग दोन-तीन सिनेमांत सून म्हणून रडते. मग एकदम घोड्यावर, हातात बंदूक, जमीनदाराच्या थोबाडीत दोन! हॉलिवूडनं बोलावणं धाडलं, पण तिथं देऊ केलेली कामं मोलकरणीची. बाईनं साफ नकार दिला आणि आयुष्यभर आपल्याच भाषेत काम केलं. ऐन भरात असताना थांबली, ती कायमची. ती का थांबली असं कुणी विचारलं तर मामा म्हणत, "उसाला तुरा यायच्या आत तोड झाली पायजे. तिला कळलं. आपल्यात किती जणांला कळतं?" त्या वर्षांत आमच्याकडची शिकली-सवरली पोरं घाऊक पुण्याला आणि हैदराबादला निघाली होती. मामा स्टँडवर जाऊन त्यांना गाठत. "हॉलिवूडनं बोलावलं तरी ती गेली न्हाई, आन तुमी पुण्याला पळायलाव?" हे मीही पुण्याच्या बसच्या खिडकीत बसून ऐकलं आहे. गावात केबल आली तेव्हा मामांनी मेक्सिकोचा चॅनल मागितला. केबलवाला त्यांचाच विद्यार्थी. तो हात जोडून म्हणाला, "सर, हितं दिल्ली धड दिसंना, मेक्सिको कुटून आणू?"

चौथ्या सिनेमाबद्दल मामांना इतकंच ठाऊक होतं, की बाई नवऱ्यावर रुसून गाव सोडून निघते. क्लबाच्या पत्रकात तेवढीच गोष्ट छापली होती. पुढचं सगळं मामा रचायचे. आत्या संध्याकाळी ज्वारी निवडत बसली की गोष्ट सुरू व्हायची. कधी बाई डाकूंच्या तावडीत सापडायची, कधी शाळा काढायची, कधी पुरात वाहून जाता जाता वाचायची. आत्याची अट एकच असे. "कुटंबी हिंडवा तिला, पर शेवटाला घरी आणा." आणि मामा आणायचे, काही झालं तरी आणायचे.

मग मामांच्या मुलाला पुण्यात मुलगा झाला. सूनबाई नोकरीवाली, म्हणून आत्या दोन महिन्यांसाठी म्हणून गेली आणि दोन वर्षं झाली तरी तिथंच राहिली. मामा रिटायर झाले होते, पण "पुण्याचं पाणी मला बाधतं" म्हणत भालकी सोडेनात. सकाळी एकदम दोन वेळच्या भाकरी करून ठेवायचे. बाईंचं नावही काढीनासे झाले. त्यांना आत्यावाचून करमत नव्हतं हे साऱ्या गल्लीला दिसत होतं, पण परत ये म्हणून त्यांनी तिला कधी म्हटलं नाही. नातवाचं कोण बघणार?

अशात मला पुण्यात तो चौथा सिनेमा सीडीवर मिळाला. मी सुट्टी काढून लॅपटॉपसकट भालकी गाठली. दुपारची वेळ होती. मामांनी इस्त्रीचा सदरा चढवला, दार लोटलं आणि आधी पुण्याला फोन लावला. "पोरगं झोपलंय का? मग ऐक, चौथा लागलाय." खालची इंग्रजी अक्षरं वाचत ते तिला एकेक प्रसंग सांगू लागले. बाई रुसली. बोचकं बांधलं. गाडीत बसली. नवरा दारात उभा राहिला. त्याचे केस पिकले, तरी तो उभाच. समोर पांढरा रस्ता, त्यावर कुणी नाही, आणि सिनेमा संपला. नावं वर सरकू लागली.

मामा पडद्याकडे बघतच राहिले. फोनमधून आत्याचा आवाज मलाही ऐकू आला, "आली का वो?"

"आली की," मामा म्हणाले. "आली, पाय धुतले, चुलीम्होरं बसली बी. भाकरी टाकायली."

 मग आत्या म्हणाली, "मलाबी हितं गमंना वो."

मी इतकी वर्षं मामांना ओळखतो, पण त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "मग ये की."

"पोरगं पहिलीला गेलं की येते."

"व्हय," मामा म्हणाले. "सावकाश ये. मी हाय हितंच."