साडभाऊंची तुपाची डबी

वर्धा जिल्ह्यात आजवर जेवढं तूप कढलं असेल, त्याला खरा न्याय दिला तो एकट्या माझ्या साडभाऊंनी. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोजणी खात्यातून निवृत्त होऊन ते पिपरी मेघेत घर बांधून राहिले आणि मोजायला लोकांची शेतं उरली नाहीत म्हणून स्वतःचीच मोजणी करू लागले. एका खिशात साखर तपासायचं मशीन, दुसऱ्या खिशात तुपाची स्टीलची डबी. आमच्याकडच्या मे महिन्यात डबीतलं तूप पाण्यासारखं पातळ होतं आणि झाकण जरा सैल राहिलं की सदऱ्यावर उतरतं. त्यांच्या छातीवर कायम एक तुपकट डाग असतो. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तो घासायचा नाद केव्हाच सोडला आहे.

हे वेड हौसेनं लागलेलं नाही. साडेतीन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं, की साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरू लागलंय, साखर आवरली नाही तर नजर जाईल. मग साखरेच्या डॉक्टरनं पोळी, भात, बटाटा, गूळ बंद करायला लावला आणि त्याच्याऐवजी तूप, लोणी, अंडी, शेंगदाणे खायला सांगितले. साडभाऊ घाबरले होते आणि घाबरलेला माणूस अर्धंच ऐकतो. त्यांनी फक्त 'तूप खा' एवढंच ऐकलं. पुढचे पंधरा दिवस ते वाटीभर तुपात पुरणपोळी बुडवून खात होते. कोणी डोळे वटारले की म्हणत, "डाक्टरनंच सांगतलं ना जी! औषध हाये हे." आता वऱ्हाडी माणसाला तूप सांगितलं की त्याच्याखाली पोळी असणारच, हे त्या परगावच्या डॉक्टरला कसं कळावं? साखर सरसर चढली, डॉक्टर संतापला, आणि मग कुठे साडभाऊंच्या ताटातून पोळी गेली. तूप मात्र राहिलं.

तेव्हापासून त्यांच्याबरोबर जेवायला बसणं हा एक सोहळा असतो. एका लग्नात तूप वाढणारा आला, तर यांच्या पानात भाजी, वरण आणि काकडी, भाताचा पत्ता नाही. तो थबकला. "काका, कशावर वाढू?"

"हातावर वाढ ना बापू! भाताचं काय काम हाये मधात?"

त्यानं खरंच हातावर धार धरली आणि साडभाऊंनी तीर्थासारखं तूप घेतलं. शेजारच्या म्हाताऱ्यानंही भाविकपणे हात पुढे केला. कारंज्याच्या ढाब्यावर त्यांनी एकदा पराठा परत पाठवून त्याच्यावरचं लोणी तेवढं ठेवून घेतलं होतं. सांबारवडी आली की ते आतला कोथिंबीर-खोबऱ्याचा मसाला सफाईनं काढून खातात आणि बाहेरची तळलेली पारी माझ्या ताटात सरकवतात. कचोरीचं तेच, समोशाचं तेच. वर मलाही साडभाऊच म्हणतात, "घ्या साडभाऊ, तुमाले काय होते!" गेल्या तीन वर्षांत त्यांचं पोट आत गेलं आणि माझं बाहेर आलं, त्याचं हे एवढंच कारण आहे.

जे जे खातील त्यानंतरची साखर मोजायची आणि ती आलेख कागदावर चढवायची. जुन्या सवयीनं ते त्याला 'नकाशा' म्हणतात. त्यात साबुदाण्याचा डोंगर आहे, पनीरचं पठार आहे. तो नकाशा ते आल्यागेल्याला दाखवतात आणि पाहुणा चहात साखर घालायला लाजतो. मी त्यांना पुष्कळ हसलो. पण ते रोज सकाळी एक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात, मग दुसरा झाकून वाचतात, हे मी एकदा चोरून पाहिलं. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

डोळ्यांचं निघालं त्याच वर्षी अधिक महिना आला. अधिकात जावयाला धोंडे खाऊ घालायचे, हा आमच्या अल्लीपूरच्या सासुरवाडीचा नेम. कणकेच्या पारीत पुरण, वरून तूप. आम्ही दोघं जावई शेजारी शेजारी पाटावर बसलो. माझ्या ताटात टम्म धोंडे आले. साडभाऊंचा चेहरा पडला होता, कारण सासूबाईंना नाही म्हणायची त्यांची आजवर हिंमत झालेली नव्हती. सासूबाई, म्हणजे आमच्या सर्वांच्या बाई, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांनी साडभाऊंपुढे ताट ठेवलं. त्यात तेहतीस लोण्याचे गोळे होते, बोराएवढे, मोजून तेहतीस. तीन दिवस बाई एकट्या ताक घुसळत होत्या.

"जवाईबापू, मले तुमच्या मशीनीतलं काई समजत नाई. लोणी चालते म्हणे तुमाले. यंदा हेच धोंडे समजा. डोये जपजा. पुढच्या अधिकात खरा धोंडा मी माया हातानं खाऊ घालीन. एकच. पन तो खाच लागते."

साडभाऊंनी अकरा गोळे खाल्ले, उरलेले घरी नेऊन कढवले आणि डबीत भरले.

त्यांची साखर उतरली. डॉक्टरनं काही गोळ्या कमी केल्या. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, की रक्त थांबलंय, नजर वाचली. साडभाऊंनी पहिला फोन अल्लीपूरला केला.

यंदा पुन्हा अधिक आला. बाई मात्र संक्रांतीच्या आधीच गेल्या. धोंडे ताईंनी केले, त्याच घरात, त्याच पाटांवर आम्हांला बसवून. त्यांनी साडभाऊंना लोणी वाढलं आणि सवयीनं मशीन शेजारी ठेवलं.

"ते उचल," साडभाऊ म्हणाले. "आज मोजनी बंद. एक धोंडा दे."

त्यांनी धोंडा फोडला, डबीतलं तूप त्यावर ओतलं आणि मान खाली घालून सावकाश खायला लागले. मी सवयीनं ताट थोडं पुढे सरकवलं होतं. पण त्या दिवशी साडभाऊंनी पारीचा कणसुद्धा माझ्याकडे येऊ दिला नाही.